दुपारी बाराचा वास : गोव्यातल्या एका मटण-चिकन शेडचं प्रकरण

चवथ होऊन गेली होती. श्रावणापासून शिवराक (शाकाहार) पाळणारी घरं चवथीनंतर पुन्हा बाजाराकडे वळतात, त्यामुळे त्यानंतरचा पहिला रविवार म्हणजे मटण-चिकनवाल्यांची वर्षातली सगळ्यात मोठी धावपळ. त्या रविवारी उत्तर गोव्यातल्या एका पालिका बाजाराच्या शेडमध्ये दुपारी एकच्या सुमाराला तीन गिऱ्हाइकं उरलेलं कच्चं मटण परत घेऊन आली. मटण ताजं होतं, बोकड पहाटेच कापलेला होता. पण घरी शिजवलेल्या रश्शाला फिनेलचा वास येत होता.

त्याच शेडबद्दल दुसरी तक्रार पावसाळाभर चालू होती. सकाळी सगळं ठीक असतं, पण दुपारी बारा वाजत आले की ओट्यांच्या बाजूला कुजका वास सुटतो.

मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि याच शेडमधून कित्येक वर्षं कोंबडी घेते. मधल्या ओट्यावरचे भाऊ मूळचे चंदगडकडचे. मला पाहिल्यावर हातातला सत्तूर बाजूला ठेवून ते म्हणाले, "टीचर, आता धुवायचं तरी किती? सकाळी फवारा, दुपारी ब्लीचिंग, वर फिनेल. यापेक्षा आणखी काय ओतू?"

त्यांच्या प्रश्नात रागापेक्षा थकवा जास्त होता आणि तो खरा होता. जंतुनाशकांवर दर महिन्याला त्यांचे पैसे जात होते. या प्रकरणाचा प्रश्न मला तिथेच मिळाला. दिवसाला तीन-तीन जंतुनाशकं वापरूनही ओट्यावरचे जंतू का टिकतात, आणि औषधाचा वास मात्र मटणात का उतरतो? मी आणि दोन विद्यार्थिनी पुढचे काही आठवडे सुट्टीच्या दिवशी तिथे जात राहिलो. ही एका शेडची नोंद आहे. नमुने थोडे होते, म्हणून जंतूंच्या वसाहतींचे, म्हणजे बशीत वाढलेल्या ठिपक्यांचे, आकडे देत नाही. इतक्या थोड्या नमुन्यांवरचा आकडा छापला की लोक त्याला काळ्या दगडावरची रेघ समजतात. जे डोळ्यांनी दिसलं आणि ज्याचं कारण शास्त्राला पक्कं ठाऊक आहे, तेवढंच लिहिते.

शेड आणि तिथली धुण्याची रीत

सहा ओटे. चार कोंबडीचे, दोन मटणाचे. ओट्यांवर पांढऱ्या चकचकीत टाइल्स, पण टाइल्समधल्या सिमेंटच्या रेघा झिजून खोल गेलेल्या. एका ओट्यावर कडप्पा. मटणाच्या दोन्ही ओट्यांवर चिंचेच्या बुंध्याचे गोल ओंडके, कोंबडीवाल्यांकडे पांढरे प्लास्टिकचे ठोकळे. सहा ओट्यांना मिळून पाण्याचा नळ एक. मागे उघडी मोरी, तिच्या काठाला जिवंत कोंबड्यांचे पिंजरे, पिसं काढायचं यंत्र आणि गॅसच्या शेगडीवर कोंबडी बुडवायच्या पाण्याचा तोप.

दुकानं दीड वाजता बंद होतात. मग सफाईची मावशी येते. ओट्यांवर, फरशीवर ब्लीचिंग पावडर मुठीने शिंपडायची, वरून बादलीने पाणी मारायचं, खराट्याने ओढायचं आणि शेवटी पांढरं फिनेल. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानदार बाटलीतलं 'सॅनिटायझर' ओट्यावर फवारतात. ही सवय २०२० च्या कोविडच्या वर्षी लागली आणि टिकली. बाटलीतलं द्रव्य म्हणजे बेंझाल्कोनियम क्लोराइड. या जातीच्या जंतुनाशकांना 'क्वाट' म्हणतात. फवारल्यावर लगेच फडक्याने पुसायचं. तेच फडकं दिवसभर खांद्यावर, तेच ओट्यावर, तेच सुरीवर.

आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी खटकली. मावशी ओट्यावर मारत होती ते पाणी गरम होतं. गरम पाणी कुठून आणलं, विचारलं. तिने शेगडीवरच्या तोपाकडे बोट दाखवलं. दिवसभर कोंबड्या बुडवून उरलेलं ते पाणी. "फुकट कशाला घालवायचं, गरम आहे ना," ती म्हणाली. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. गॅस महाग आहे आणि चरबी गार पाण्याने निघत नाही, हे तिचं निरीक्षण अचूक आहे. पण कोंबडी बुडवायचं पाणी साधारण ६० अंशांच्या आसपास ठेवतात, नाहीतर कातडी शिजते. त्यात पिसांवरची विष्ठा उतरते. गॅस बंद केला की ते कोमट होतं. ओटा धुवायला शेडमधलं सगळ्यात मळकट पाणी वापरलं जात होतं.

पहिल्या फेरीतली आमची चूक

ही चूक सांगायला हवी, कारण बरेच विद्यार्थी प्रकल्पात ती करतात आणि त्यांच्या लक्षातही येत नाही. आम्ही जुन्या एक्स-रे फिल्मचा १० बाय १० सेंटिमीटरचा चौकोन कापला, स्पिरिटने पुसला, ओट्यावर ठेवला, आतला भाग ओल्या कापसाच्या बोळ्याने आडवा-उभा घासला आणि बोळा मिठाच्या निर्जंतुक पाण्यात घातला. नळ्या मासळीवाल्यांच्या थर्मोकोलच्या पेटीत बर्फावर ठेवून प्रयोगशाळेत नेल्या. तिथे ते पाणी जंतू वाढवायच्या माध्यमाच्या बशांत घातलं. दोन दिवसांनी बशा पाहिल्या तर धुतल्यानंतरच्या ओट्याच्या बशा जवळजवळ कोऱ्या. भाऊंना कळवायला मी फोन हातात घेतला होता.

तेवढ्यात एका विद्यार्थिनीने विचारलं, "टीचर, बोळ्याबरोबर क्लोरीनपण आलं असेल ना?"

तिचं म्हणणं बरोबर होतं. ओट्यावरचं ओलं जंतुनाशक बोळ्यात शोषलं जातं आणि नळीत जाऊनही जंतू मारत राहतं. ओट्यावर पाच मिनिटंही न मिळालेला वेळ त्याला पेटीतल्या प्रवासात तासभर मिळतो. म्हणून नळीतच त्याचा उतारा घालावा लागतो. क्लोरीनला सोडियम थायोसल्फेट, क्वाटला लेसिथिन आणि ट्वीन-८०. दुसऱ्या रविवारी उतारा घालून नमुने घेतले. त्याच ओट्याच्या, त्याच वेळेच्या बशा या वेळी काठोकाठ भरल्या. वसाहती एकमेकींत मिसळलेल्या, मोजायची सोयच नाही. सर्वांत वाईट निघाली टाइल्समधली रेघ, त्यापाठोपाठ प्लास्टिकच्या ठोकळ्यावरचे सुरीचे ओरखडे. आणि फडकं. फडक्याच्या बशीवर मॅक्काँकीच्या माध्यमावर गुलाबी थर चढला होता. दूध-साखर आंबवणाऱ्या, आतड्यातल्या जंतूंच्या कुळाची ती खूण.

पहिल्या बशा पाहून मी फोन लावला असता तर "जंतुनाशक काम करतंय" असा निर्वाळा शेडभर गेला असता. अजून आठवलं तरी अस्वस्थ वाटतं.

पेल्यातला प्रयोग

दुकानदारांना बशा दाखवून फारसा उपयोग झाला नाही. "ते तुमचं लॅबचं," म्हणाले. मग प्रयोग शेडमध्येच केला.

क्लोरीन मोजायच्या कागदी पट्ट्या मिळतात. द्रावणात बुडवली की पट्टी जांभळी होते आणि डबीवरच्या रंगांशी ताडून १०, ५०, १००, २०० पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) असा अंदाज घेता येतो. काचेच्या दोन पेल्यांत २०० पीपीएमचं ताजं द्रावण प्रत्येकी २०० मिलिलिटर घेतलं. दोन्हीत पट्टी बुडवली, दोन्ही गडद जांभळ्या. मग एका पेल्यात ओट्यावरच्या खोलगट भागात साचलेलं रक्त एक चमचा घातलं आणि ढवळलं. द्रावण क्षणात तपकिरी झालं, वर फेस आला, तळाशी बारीक गुठळ्या. मिनिटभराने त्यात नवी पट्टी बुडवली. जवळजवळ पांढरीच वर आली.

भाऊंनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "म्हणजे औषध रक्तानेच खाल्लं?"

अगदी तेच झालं होतं. पेल्यात क्लोरीन होतं ४० मिलिग्रॅम. एका चमचा रक्तात प्रथिनं जवळपास एक ग्रॅम. क्लोरीनला जंतू आणि रक्त यांतला फरक कळत नाही. समोर येईल त्या प्रथिनाशी ते भिडतं आणि तिथेच खर्च होतं. न धुतलेल्या ओट्यावर रक्त, चरबी, हाडांचा चुरा यांच्यापुढे जंतू म्हणजे वस्तुमानाने काहीच नाहीत. मावशी मुठीने टाकत होती ती पावडर जंतूंपर्यंत पोचतच नव्हती.

इथेच नाकाची फसगत होते. क्लोरीन प्रथिनांतल्या नायट्रोजनशी जुळलं की क्लोरॅमिन तयार होतात. त्यांचा वास ताज्या, स्वच्छ द्रावणापेक्षा जास्त बोचरा असतो आणि त्यांची मारक शक्ती कितीतरी कमी. शेडमध्ये "आज ब्लीचिंग कडक पडलंय" असं म्हणत ते बहुधा या वासावरून. प्रत्यक्षात तो वास क्लोरीन वाया गेल्याची खबर देत होता.

युरोपात जंतुनाशकांची चाचणी घेताना हे धरलेलं असतं. ईएन १२७६ या मानकात तेच द्रव्य 'स्वच्छ' आणि 'मळक्या' अशा दोन परिस्थितींत तपासतात. मळक्यात लिटरला ३ ग्रॅम प्रथिन मिसळतात, स्वच्छमध्ये त्याचा दहावा हिस्सा. पाच मिनिटांत जंतू लाखातून एकावर आले पाहिजेत, अशी अट आहे. पण मटणाच्या ओट्यावरची घाण त्या 'मळक्या' परिस्थितीच्याही पुष्कळ पुढे असते. प्रयोगशाळेत उत्तीर्ण झालेलं औषध ओट्यावर नापास होतं ते यामुळे.

डब्यातली पावडर

पट्ट्या हाताशी होत्या म्हणून शेडमधल्या डब्यातली पावडरही तपासली. चांगल्या ब्लीचिंग पावडरमध्ये उपलब्ध क्लोरीन साधारण ३० टक्क्यांच्या वर असतं. त्या हिशेबाने १० लिटरच्या बादलीला सात-आठ ग्रॅम, म्हणजे सपाट दोन चमचे घातले की २०० पीपीएमच्या आसपास यायला हवं. पट्टी ५० चाही रंग दाखवेना. नव्या, सीलबंद पुड्यातली पावडर त्याच मापाने घातली तर पट्टी गडद झाली.

पिशवी मे महिन्यात फोडलेली, तोंडाला सुतळी, जागा मोरीशेजारची. गोव्यात वर्षाला सुमारे तीन मीटर पाऊस पडतो, आणि त्या चार महिन्यांच्या दमट हवेत ही पावडर ओल धरते, गोळे होते आणि क्लोरीन उडून जातं. उरतो तो बराचसा चुना. पांढराच दिसतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. ज्या महिन्यांत जंतू सगळ्यात जोमात असतात नेमक्या त्याच महिन्यांत औषध सगळ्यात कमकुवत होतं, हे मला या प्रकरणात सगळ्यात गंभीर वाटलं.

आणि मग पावडर लागू पडत नाही म्हणून लोक मूठ वाढवतात. त्यातून दोन त्रास. चुन्यामुळे द्रावण जास्त अल्कधर्मी होतं, आणि क्लोरीनचा खरा मारेकरी जो हायपोक्लोरस आम्ल, त्याचं प्रमाण घटतं. पीएच (आम्ल-अल्कतेचं माप) ७.५ च्या आसपास तो आणि त्याचा दुबळा भाऊ हायपोक्लोराइट निम्मेनिम्मे असतात. पीएच वर गेला की पारडं दुबळ्याकडे झुकतं. दुसरा त्रास लोखंडाचा, आकडे आणि सत्तूर गंजतात आणि गंजाच्या खड्ड्यांत जंतूंना बिऱ्हाड मिळतं. पीएच कमी करायला आम्ल मिसळायचं मात्र कधीच नाही. याच शेडमध्ये पावसाळ्याच्या सुरुवातीला कुणीतरी संडास धुवायचं आम्ल ब्लीचिंगवर ओतलं होतं आणि मावशीला दोन दिवस खोकला होता. तो क्लोरीनचा वायू होता. बंद खोलीत जिवावर बेतलं असतं.

फवारा आणि साबण

सकाळच्या फवाऱ्याचं दुखणं निराळं. क्वाट हे एरवी कामाचं औषध आहे. वास नाही, लोखंड गंजत नाही, २०० ते ४०० पीपीएमला अन्न लागणाऱ्या पृष्ठभागावर चालतं. पण त्याच्या रेणूवर धन भार असतो आणि कपडे धुवायच्या पावडरीतल्या फेसाळ द्रव्यावर ऋण. दोघं भेटले की एकमेकांना निकामी करतात. दोन ओटेवाले सकाळी कपड्याच्या पावडरीने ओटा पुसून, न विसळता, त्यावरच क्वाट फवारत होते. दोन्ही वस्तू चांगल्या, दोन्हींचे पैसे वाया.

शिवाय वेळ. बाटलीवर बारीक अक्षरात पाच मिनिटं लिहिलेली असतात. भाऊंचा फवारा मी घड्याळ लावून पाहिला. फवारलं, आणि दहा सेकंदांत फडकं फिरलं. तेही कालचं ओलं फडकं. पातळ झालेलं क्वाट दिवसभर बादलीत ठेवलं तर स्यूडोमोनास जातीचे जंतू त्यात जगतात, वाढतातसुद्धा. दवाखान्यांत या द्रावणांतूनच संसर्ग पसरल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत पूर्वीपासून नोंदलेल्या आहेत.

आता बाराच्या वासाचं गणित मांडता येतं. बाटलीवर '९९.९ टक्के' असतं. ते खरं मानू. ओट्याच्या एका कोपऱ्यात १० लाख जंतू होते, त्यातले हजार उरले. सगळं मनासारखं मिळालं, म्हणजे ओल, ऊब आणि मांसरस, तर ई. कोलायसारखा जंतू वीसेक मिनिटांत दुप्पट होतो. हजाराचे पुन्हा १० लाख व्हायला दहा दुपटी लागतात, म्हणजे २०० मिनिटं. साडेसातला फवारा मारला तर अकराच्या आत आपण होतो तिथे. सगळे जंतू इतक्या वेगाने वाढत नाहीत, पण शेडमध्ये ९९.९ टक्के तरी कुठे मरत होते? बाराच्या वासाला वेगळं कारण शोधायची गरज नव्हती.

वासाबद्दल एक गोष्ट मात्र दुकानदारांना मी पुन्हा पुन्हा सांगितली. कुजका वास काढणारे जंतू बहुतेक वेळा वेगळे असतात आणि माणसाला आजारी पाडणारे वेगळे. साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर कोंबडीच्या आतड्यातून येतात आणि त्यांना वास नसतो. वास गेला म्हणजे धोका गेला, असं धरून चालणार नाही.

फिनेलचं काय

इथे मी कुठलीही तडजोड केली नाही. अन्न लागेल त्या पृष्ठभागावर फिनेल नको, काळं नको नि पांढरंही नको. काळ्या फिनेलमध्ये डांबरातून आलेली फिनॉलवर्गी द्रव्यं असतात, पांढऱ्यात बहुतेक पाइनचं तेल. दोन्ही तेलकट, दोन्ही चरबीत विरघळतात. बोकडाची चरबी असा वास अत्तराच्या फायासारखा ओढून घेते आणि शिजवल्यावर सोडते. परत आलेल्या मटणाचं कोडं एवढंच होतं. फिनेल संडासाला आणि बाहेरच्या गटाराला ठेवायचं. पण "फिनेलचा वास नसेल तर लोकांना वाटेल आम्ही धुतलंच नाही," हा दुकानदारांचा आक्षेपही बरोबर होता. गिऱ्हाइकांनीच त्यांना ती सवय लावलेली आहे.

ओंडक्यावरून झालेला वाद

मला स्वतःला वाटत होतं, चिंचेचे ओंडके काढून टाकावेत. लाकडात भेगा, लाकूड रक्त शोषतं, आणि लाकूड स्वतःच सेंद्रिय असल्यामुळे क्लोरीनही खातं. शेडमधले सगळ्यात जुने मटणवाले, बेळगावकडचे आजोबा, ऐकेनात. "माझ्या बापाचा ओंडका होता. प्लास्टिकची भुकटी मटणात जाते, ती चालते तुम्हाला?"

नमुन्यांनी मला माझं मत बदलायला लावलं. प्लास्टिकचा नवा ठोकळा सहज स्वच्छ होतो, यात शंका नाही. पण वर्षभर सत्तूर खाल्लेला ठोकळा लाकडापेक्षा चांगला निघाला नाही. अमेरिकेत डीन क्लिव्हर यांनी १९९० च्या दशकात विस्कॉन्सिन विद्यापीठात स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर काम केलं, त्यातही असंच दिसलं होतं. लाकडावर टाकलेले जंतू आत ओढले जातात आणि सहजी वर येत नाहीत. सुरीने चिरफाळलेलं प्लास्टिक हाताने धुऊन स्वच्छ होणं कठीण. फळी आणि रोज बोकड तुटणारा ओंडका एकच नव्हे, हे खरं. तरी 'लाकूड वाईट, प्लास्टिक चांगलं' इतकं ते सोपं नाही.

आपल्याकडच्या २०११ च्या अन्नसुरक्षा परवाना-नोंदणी नियमांच्या चौथ्या परिशिष्टातही ठोकळा खाद्ययोग्य कृत्रिम पदार्थाचा असावा, लाकडी असेल तर टणक लाकडाच्या भरीव बुंध्याचा, अशी मुभा आहे. आणि दिवसअखेर गरम पाण्याने धुऊन वर समुद्री मीठ पसरावं, असंही त्यात आहे. आजोबा हे त्यांच्या वडिलांच्या काळापासून करत होते, आगरवाड्याच्या मिठागरातलं जाडं मीठ आणून. मधल्या काळात कुणीतरी त्यांना ते जुनाट आहे म्हणून सोडायला लावलं होतं.

मीठ जंतुनाशक आहे, असं मात्र समजू नये. ते लाकडातलं पाणी ओढून घेतं आणि रात्रभर जंतूंना वाढू देत नाही, एवढंच. स्टॅफिलोकॉकस ऑरियस ७.५ टक्के मिठातही आरामात वाढतो. त्याला वेगळा काढायचं आमचं प्रयोगशाळेतलं माध्यमच तेवढ्या मिठाचं असतं. हा जंतू माणसाच्या नाकात, हातावरच्या जखमेत असतो. म्हणून कापलेल्या बोटाला पट्टी आणि वर हातमोजा, हे मिठापेक्षा आधी.

काय बदललं

औषध नवं एकही आणलं नाही, क्रम बदलला. दीड वाजता आधी ओटा आणि ठोकळा लोखंडी पट्टीने खरवडायचा, चुरा डब्यात. मग गार पाणी. रक्तावर थेट उकळतं पाणी मारलं तर प्रथिन गोठून टाइलला चिकटतं, अंड्यासारखं. रक्त गेलं की गरम पाणी आणि धुण्याचा सोडा, कारण बोकडाची चरबी ४५-५० अंशांच्या खाली सुटत नाही. घासायला मावशीने नारळाची सोडणं काढली. तंतू रेघांत छान शिरतात आणि दुपारी वापरून फेकून देता येतात, त्यामुळे जंतूंचा साठा राहत नाही. मी विकत घेतलेल्या ब्रशांपेक्षा ती चांगली ठरली. मग स्वच्छ पाण्याने विसळायचं. आणि या सगळ्यानंतर क्लोरीन, २०० पीपीएम, पाच मिनिटं ओलं राहील असं. पावडर पाण्यात कालवून चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळ वापरायची. शेवटी रबरी वायपरने पाणी ओढून पंखा लावून ठेवायचा. पावसाळ्यात ओटा आपोआप वाळत नाही, आणि ओला राहिलेला ओटा रात्रभर जंतूंना फुकट ओल पुरवतो.

गरम पाण्यासाठी शेगडी होतीच. तिच्यावर दुसरा तोप चढला, झाकणाचा, कोंबडी न बुडवायचा. सुऱ्या आणि सत्तूर त्यातच बुडवतात. कत्तलखान्यांत सुऱ्यांसाठी ८२ अंशांचं पाणी वापरायचा जगभर प्रघात आहे, त्याला रसायन लागत नाही. इथे थर्मामीटर नाही, म्हणून पाणी उकळीच्या बेताला आणायचं ठरलं.

पावडर लहान पुड्यांत घ्यायची, घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात मोरीपासून दूर ठेवायची आणि सोमवारी एक पट्टी बुडवून बघायची. हे काम आजोबांच्या नातवाने घेतलं. तो नववीत आहे आणि पट्ट्यांचे रंग वहीत चिकटवून ठेवतो.

सगळ्यात कठीण गेलं ते मधलं धुणं. सकाळचं सुरुवातीचं धुणं कितीही नीट केलं तरी साडेदहाला एकदा ओटा खरवडून, धुऊन, औषध लावल्याशिवाय बाराचा वास जात नव्हता. रविवारी रांग असताना दहा मिनिटं दुकान थांबवायला कुणी तयार नव्हतं. भाऊंनीच तोड काढली. त्यांनी दुसरा ठोकळा घेतला. साडेदहाला पहिला उचलून मागे द्यायचा, धुतलेला पुढे घ्यायचा. ओट्याची फक्त टाइल पुसायची, तीही त्यासाठी ठेवलेल्या वेगळ्या धुतलेल्या फडक्याने. खांद्यावरचं फडकं आता फक्त हातांपुरतं.

दसऱ्यानंतरच्या रविवारी दुपारी बाराला पुन्हा नमुने घेतले, उतारा घालून. टाइल्सच्या आणि ठोकळ्यांच्या बशांवर या वेळी वसाहती सुट्या सुट्या होत्या, बोटाने मोजता येतील अशा. कडप्प्याची बशी त्याहून स्वच्छ. ओंडक्याच्या वरच्या बाजूला थोड्याच वसाहती, पण भेगेत घातलेल्या बोळ्याची बशी भरलेली. आजोबांनी ते पाहिलं आणि सुताराला बोलावून वरचा दोन बोटं जाडीचा थर तासून घेतला. एका कोंबडीच्या ओट्यावर काहीच सुधारणा नव्हती. तिथल्या मुलाने सोड्याचं धुणं वगळून थेट क्लोरीन मारलं होतं. त्याला घाई होती.

टाइल्समधल्या झिजलेल्या रेघा तशाच आहेत. तिथे कुठलंही औषध पोचत नाही, त्या इपॉक्सीने भरून घ्याव्या लागतील किंवा ओट्यावर अखंड स्टेनलेसचा पत्रा बसवावा लागेल. हे काम भाडेकरूंच्या हातातलं नाही. सहाही जणांनी सही करून अर्ज दिला आहे. एका नळाचे तीन नळ करण्याचंही त्यातच लिहिलं आहे, कारण विसळायला पाणी भरपूर नसेल तर वरचा सगळा क्रम कागदावरच राहतो.

मोरीच्या जाळीखालचे नमुने अजून घेतलेले नाहीत. गार, ओल्या जागी लिस्टेरिया टिकतो, शीतकपाटाच्या थंडीतही तो वाढतो आणि गरोदर बायांना त्याचा धोका फार मोठा. त्याच्यासाठी वेगळं माध्यम लागतं, ते मागवलं आहे. नाताळाआधीचा रविवार ठरला आहे.